शुक्रवारचे लूम

त्यांना शहाणं म्हणावं, वेडं म्हणावं की पक्कं लबाड म्हणावं, हे मला त्यांच्या हयातीत ठरवता आलं नाही, आणि आता तर ठरवायची सोयच राहिली नाही. आमचे ते घरमालक. भिवंडीत निजामपुऱ्यात त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. माझे यजमान नगरपालिकेत आणि मी तिथल्याच बालवाडीत. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. कोकणी मुसलमान, कैक पिढ्या इथल्याच. बोलायला लागले की माझ्या माहेरच्या आगरी माणसांसारखेच बोलायचे. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, माझी चेष्टाच करतायत.

चाचांचा अवतार बघण्यासारखा. खाली चौकड्यांची लुंगी, वर काळा कोट, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. चाचांचा यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, लहानसा कारखाना होता, आणि लूमच्या खडखडाटापासून कान वाचवायला लोक कापूस घालतात हे मला ठाऊक होतं. पण चाचा बोळे घालायचे ते घरी आल्यावर. कारखान्यात पाऊल टाकलं की काढून कोटाच्या खिशात ठेवायचे आणि संध्याकाळी घराची पायरी चढताना परत कानांत. मी एकदा न राहवून विचारलं, "चाचा, तुमचं उलटंच कसं?"

"बाय," ते म्हणाले, "तिथं नुसती मशिनी बोलते. घरात मानसां बोलतात."

चाची आतून ओरडली, "आयकलास ना? आता मना सांग, चाळीस वरसां मी काय भिताडासंगती बोलतंय?" चाचांनी बोळा आणखी आत सरकवला. हे मनापासून होतं की चाचीला चिडवण्यासाठी, ते चाचीलाही सांगता यायचं नाही.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीत चाचांचा कारखाना जळाला. घर गल्लीत होतं, पण कारखाना गावाच्या टोकाला, शेतांना लागून. सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या पोत्यांना कुणीतरी आग लावली आणि बघता बघता सगळं पेटलं. चाचांचा मुलगा इक्बाल तेव्हा विशीतला. नवं बीम, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेला भला मोठा रूळ, बाहेर काढायला तो आत घुसला. बीम निघालं, पण डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. हात वाचला, कातडी मात्र कायमची ओढली गेली. इक्बालनं तेव्हा सगळ्या गल्लीसमोर शपथ घेतली, की ज्यानं हे केलं त्याचं नाव कळू दे, मी त्याला जिता सोडणार न्हाय. आणि तो नुसता बोलणारा नव्हता. वाईट पोरांत त्याची ऊठबस सुरू झाली होती आणि त्याच्या गादीखाली सुरा असायचा, हे चाचीनंच मला रडत रडत सांगितलं होतं.

दंगल शमल्यावर गावात मोहल्ला कमिट्या निघाल्या. दोन्हीकडच्या चार शहाण्यांनी एकत्र बसायचं, अफवा उठली तर विझवायची, असं ते काम. आमच्या भागातल्या कमिटीत चाचा होते, शाळेतले एक मास्तर होते, चौकीचे फौजदार यायचे आणि 'एक बाई हवी' म्हणून मला ओढली. इथवर ठीक होतं. पण चाचांनी त्यात आपलं एक खूळ घुसवलं. दंगलीत नाचलेली, तुरुंग बघून आलेली, जामिनावर सुटलेली पोरं त्यांना हवी होती. दोन्हीकडची! ज्यांना कुणी कामावर ठेवत नव्हतं, ज्यांच्याशी आईबापसुद्धा धड बोलत नव्हते, नेमकी तीच.

मास्तर म्हणाले, "चाचा, आपली शांतता कमिटी आहे. सुधारगृह नव्हे."

"मी कुटं सुधारतंय?" चाचा म्हणाले. "मना कारखान्यात मानसां पायजेत."

पोरगा दारात आला की मास्तर त्याला विचारायचे, तुला पश्चात्ताप झालाय का. मास्तरांचं बरोबरच होतं. मीही तेच विचारलं असतं. चाचा मात्र दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, "झोप लागते का?" आणि दुसरा, "डावरा हायस का उजवा?" पोरगं गोंधळून आपल्या हातांकडे बघायचं. झोप लागत नाही म्हणणाऱ्याला ते लगेच ठेवून घ्यायचे. लागते म्हणणाऱ्याला म्हणायचे, "मग चार दिसांनी ये."

कोण काय करून आला, हे ते कधी विचारायचे नाहीत, आणि कुणी सांगू लागला तर हात वर करायचे. "आधी काम शिक" एवढंच. लूमवर ताण्याचा धागा तुटला की नवीन पोरं घाईनं चालू लूममध्ये हात घालायची. तेव्हा चाचा असे खवळायचे की भीती वाटायची. "तुटला तर जोडायचाच हाय! पन आधी लूम बंद कर, मग जोड!" दिवसातून हे वाक्य इतक्यांदा ऐकू यायचं की माझी बालवाडीतली पोरंसुद्धा खेळताना तेच ओरडायची.

आता शुक्रवारच्या मीटिंगा. भिवंडीत लूमना शुक्रवारी सुट्टी. एरवी चोवीस तास धडधडणारं गाव त्या दिवशी इतकं गप्प होतं की परक्या माणसाला कानात काही बिघडलं की काय असं वाटावं. साहजिकच मीटिंग शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, चाचांच्या दुरुस्त केलेल्या कारखान्यात. पण मीटिंगसाठी म्हणून चाचा लूम चालू करायचे! अख्ख्या वस्तीत फक्त त्यांचेच लूम खडखडत असायचे आणि त्याच्या मधोमध आम्ही शांततेची चर्चा करायला बसायचो.

पहिल्या मीटिंगला फौजदारसाहेब भाषण लिहून आले होते. उभे राहिले, खाकरले, तोंड हलवू लागले. एक अक्षर ऐकू येईल तर शपथ! पाच मिनिटांनी साहेबांनीच कंटाळून कागद खिशात घातला आणि पंख्यासमोरच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची पुढं कायमची त्यांची झाली. कोपऱ्यात टेबलावर तो एकच पंखा होता, आणि त्याच्यासमोर बसण्यावरून मास्तर मनातल्या मनात जळायचे.

त्या गोंगाटात बोलायचं तर एकच मार्ग. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या अगदी जवळ जायचं, गळ्यात पडल्यासारखं, आणि त्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. मग त्यानं आपल्या कानाला तोंड लावून उत्तर द्यायचं. एका वेळी एकाच माणसाशी बोलता यायचं. चार महिने आधी ज्यांनी एकमेकांवर दगड फेकले होते, ती पोरं एकमेकांच्या कानात ओरडून विचारायची, "अरे, चाय आली का?" मी चाचांना म्हटलं, "लूम बंद करा की! निदान काय ठरलं ते तरी कळेल."

"काय ठरवायचा हाय?" ते माझ्या कानात ओरडले.

 ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या मीटिंगांत लूमकडे कुणाचं लक्ष नसायचं. धागे तुटलेले तसेच राहायचे आणि कापडाला भोकं पडायची. ते 'मीटिंगचं कापड' कुठलाच व्यापारी घेत नसे. चाचा ते बालवाडीला द्यायचे, पोरांना खाली बसायला. मला वाटायचं, एवढा आटापिटा करून ह्या कमिटीनं गावाला दिलं काय, तर भोकांची बस्करं.

आणखी एक खोड. चाचा स्वतः नेहमी एकाच जागी बसायचे. भिंतीला टेकवलेलं एक लाकडी स्टूल, आणि त्याच्या वर, डोक्याच्या उंचीला, मेन स्विचची लोखंडी पेटी आणि तिचा खटका. उठताना चार वेळा तरी त्यांचं डोकं त्या खटक्याला आपटायचं. जागा बदला म्हटलं तर म्हणायचे, "भिताड थंड हाय."

माझा धाकटा भाऊ काशिनाथ, आमचा काशा, ह्या सगळ्यात कसा आला ते सांगते. दंगलीआधी दोन वर्षं तो एका दलात जायला लागला होता. कपाळाला टिळा, हातात काठी, तोंडात उसने शब्द. दंगलीत तो जमावाबरोबर होता, एवढं आम्हाला माहीत होतं. दगडफेकीच्या केसमध्ये त्याला उचलला. आत जाताना त्याच्या गळ्यात हार घालणारे पुष्कळ होते. सुटून आला तेव्हा तुरुंगाच्या दारात मी एकटी होते. गावी आल्यावर दलातली माणसं त्याच्याशी बोलेनात, कारण वकील करायच्या वेळी कुणी फिरकलं नाही म्हणून तो त्यांची नावं घेऊन ओरडला होता. आणि बाकीचं गाव बोलेना, कारण तो दलातला होता. घरच्या पडवीत दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आई म्हणाली, "बाय, याला कुटं तरी नेऊन लाव. न्हायतर हा खाडीत तरी उडी घेईल, न्हायतर परत त्यांच्यात तरी जाईल."

मी त्याला चाचांसमोर उभा केला.  हिंदू पोरं कारखान्यात आधीपासून होती, पण हा माझा सख्खा भाऊ, आणि मी त्यांच्याच माडीवर राहणारी.

"झोप लागते का?" चाचांनी विचारलं.

काशानं मान हलवली. नाही.

"डावरा?"

"हां."

"बेस. डावरा पायजेच होता," चाचा खूश होऊन म्हणाले आणि त्याला थेट बीम भरायला शिकायला बसवला.

हे बीम भरणं मी पहिल्यांदा तिथं बघितलं. नवं बीम लूमला चढवायचं तर त्याचा एकेक धागा तारांच्या एका चौकटीतल्या बारीक डोळ्यांतून ओवून घ्यावा लागतो. हजारो धागे. त्याला दोन माणसं लागतात. एक मागं बसून एकेक धागा पुढं करतो, दुसरा पुढून आकडी घालून तो ओढून घेतो. मधे तारांचा पडदा, गुडघ्याला गुडघा, समोरच्याचं तोंड फटींतून दिसतं तेवढंच. मागच्यानं एक धागा चुकवला की पुढचं सगळं चुकतं, आणि मग दोघांनी मिळून उसवत बसायचं. ह्या कामाला वीज लागत नाही. म्हणून लाईट गेली की बीम भरून घ्यायचं, हा तिथला रिवाज. भिवंडीत लाईट जायला काय, ती रोजच जायची.

काशा शिकला. वर्षभरात हात बसला. कारखान्यातच माळ्यावर झोपायचा. इक्बाल तेव्हा बापाचा हिशेबबिशेब बघायचा आणि काशाशी कामापुरतं बोलायचा. त्याला एवढंच ठाऊक होतं, की हा ताईचा भाऊ आणि दगडफेकीत आत गेला होता. त्याच्या गादीखालचा सुरा अजून तिथंच होता. चाची चादर बदलायच्या निमित्तानं बघायची आणि मला खुणेनं सांगायची, हाय.

मग तो शुक्रवार आला.

उन्हाळा होता. मीटिंग नेहमीसारखी चाललेली, म्हणजे नुसता खडखडाट. मी टेबलाकडे पाठ करून बसले होते. समोर चाचा आपल्या स्टुलावर. काशा त्यांच्याजवळ गेला, वाकला आणि कानात काही बोलला. चाचांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या कानात काही सांगितलं. काशानं मान खाली घातली. मग छाती भरून श्वास घेतला आणि चाचांच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला. त्याच क्षणी लाईट गेली. सगळे लूम एका दमात थांबले आणि त्या सुन्न शांततेत काशाचा आवाज तेवढा उरला.

"...तुमच्या कारखान्याला काडी मी लावली, चाचा! मी लावली!"

शब्द भिंतींवर आपटून परत आल्यासारखे वाटले.  दोन्हीकडची सगळी पोरं होती, मास्तर होते, फौजदार होते आणि चाचांच्या समोर, लूमच्या पलीकडे, इक्बाल उभा होता. मी तोपर्यंत हे ऐकलं नव्हतं, खरंच ऐकलं नव्हतं.  मला इक्बालचा तो ओढलेला हात दिसत होता आणि दुसरं काही दिसत नव्हतं. कुठंतरी काहीतरी टक् टक् टक् वाजत होतं. मला वाटलं, घड्याळ असेल. वाटलं, आज हे घड्याळ संपायच्या आत माझा भाऊ संपणार.

आधी उठले ते फौजदार. साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "छे, लाईट गेली, काय उकडतंय हो! आणि ह्या लूमनी कान असे बसलेत, मला तर काहीएक ऐकू येत नाही." आणि टोपी घेऊन बाहेर निघून गेले. त्यांच्यामागून मास्तर.

चाचा उठले. खटक्याला डोकं आपटलं. डोकं चोळत म्हणाले, "लाईट गेली. बीम भरून घ्या. इक्बाल, तू मागं बस."

मला वाटलं, ह्या म्हाताऱ्याला खरंच ऐकू येत नाही. आता त्याच्या अंगावर धावून जावं आणि कानातला नसलेला बोळा काढावा, असा संताप आला मला. अहो, पोरगा काय बोलला! आणि तुम्ही त्याला कुणासमोर बसवताय!

इक्बाल जागचा हलेना.  "अब्बा, इसने क्या बोला, सुना तुमने?"

"आयकला. म्हनून तर बोलतंय, तू मागं बस."

 काशा आधी गेला आणि पुढच्या बाजूला बसला. आकडी उचलली. आकडी तारांवर वाजत होती. तो पळून जाईल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, तो पळावा असंच मला वाटत होतं. मग इक्बाल पुढं झाला. मी देवाचं नाव घेतलं. इक्बाल तारांच्या पलीकडे आला, बराच वेळ नुसता उभा राहिला आणि मग धपकन बसला. भाजलेला हात पुढं केला. चिमटीत एक धागा होता.

काशानं ओढून घेतला.

मग दुसरा. मग तिसरा. काशा रडत होता, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. इक्बालची मान खाली. मधेच एकदा इक्बाल चिडून ओरडला, "ध्यान से! दोन एकात घेतलेस!" आणि काशा म्हणाला, "हां हां, थांब, काढतो." मी त्या भुईवर बसून राहिले. पोरं एकेक करून निघून गेली. चाचा आपल्या स्टुलावर भिंतीला टेकून डोळे मिटून होते. झोपले होते की काय, ते त्यांनाच ठाऊक. ऊन कलेपर्यंत त्या दोघांनी अख्खं बीम भरलं. शेवटचा धागा ओढून झाला तेव्हा चाचा हात मागं टेकून उठले आणि तेवढ्यात लाईटही आली. लूम सुरू झाले. इक्बाल उठला आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेला.

काही दिवसांनी चाची माझ्या दारात आली आणि दोन्ही हात हलवून म्हणाली, न्हाय. गादीखाली आता काही न्हाय.

इक्बालनं काशाला मिठी मारली, दोघं भाऊ भाऊ झाले, असं काही झालं नाही. कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण लाईट गेली की बीमच्या पुढं काशा आणि मागं इक्बाल, हे ठरूनच गेलं. चौकीतून काही बोलावणं आलं नाही. मी चाचांना गाठून विचारलं, "तुम्हाला राग नाही आला? तुमचा कारखाना, तुमच्या पोराचा हात!"

"आला ना," ते म्हणाले. "लय आला. अजून येतो, कदी कदी." आणि कानात बोळे घातले. हे उत्तर घेऊन मी काय करायचं होतं?

पुढं काशाचं लग्न चाचांनीच जमवलं, अंबाडी गावाकडची मुलगी. मागणी घालायला स्वतः गेले, लुंगीवर तो काळा कोट चढवून. मुलीच्या बापासमोर बसताच म्हणाले, "आधी ऐब सांगतंय. पोरगा दंगलीत होता. तुरुंगात होता. माझा कारखाना यानंच जाळला. आनि डावरा हाय. चौथा पन सांगितला, आता पाचवा निघाला तर मना पकडा." मी पदरात तोंड लपवलं. मुलीचा बाप म्हणाला, "ज्याचा जाळला तोच घेऊन आलाय म्हनजे पोरगा बरा असंल." चाचा खूश होऊन म्हणाले, "मना पन तसाच वाटतो." मला वाटतं, असं लग्न ठाणे जिल्ह्यात दुसरं जमलं नसेल.

ब्याण्णवच्या डिसेंबरात सगळीकडं पेटलं तेव्हा भिवंडीनं श्वास रोखून धरला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाकडं टाकलं होतं, त्यावर काशा आणि इक्बाल शेजारी शेजारी बसलेले असायचे. एका सकाळी काशाच्या जुन्या दलातले दोघं स्कूटरवरून आले आणि त्याला म्हणाले, "चल. आता न्हाय तर कवा?" मी खिडकीत होते. काशा म्हणाला, "ड्युटी हाय." ते हसले, "इथं कसली ड्युटी?" त्यानं इक्बालकडे बोट केलं. "याच्यासंगती बीम भरायचा हाय. तो एकट्यानं होत न्हाय." ते शिव्या देऊन निघून गेले. इक्बालनं फक्त बाकड्यावरची चहाची बशी त्याच्याकडे सरकवली.

चाचा त्यानंतर थोडीच वर्षं जगले. एका दुपारी कारखान्यातल्या स्टुलावरच गेले, कानांत बोळे नव्हते. गल्लीतली माणसं रडली, मी रडले, काशा तर दोन दिवस जेवला नाही.

पुढं इक्बालनं कारखान्याची वायरिंग बदलायला घेतली. मी काही कामानं तिथं गेले होते. वायरमन ती जुनी लोखंडी पेटी भिंतीवरून उतरवत होता. इक्बाल तिच्याकडे बघत होता. एकदम म्हणाला, "ताई, एक गोष्ट सांगू? त्या दिशी लाईट गेलीच नव्हती."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं.

"मी समोर होतो. अब्बांचा हात दिसला मना. काशा ओरडायला लागला आनि अब्बांनी हात मागं नेऊन खटका ओढला. त्यांना पायजे होता, मी आयकावा म्हनून."

 कशासाठी? माझ्या भावाचा जीव गेला असता! पोटचा पोरगा खुनी झाला असता! एवढा जुगार कुणी खेळतं का? आणि ह्या माणसाला मी इतकी वर्षं भोळा समजत होते.

"मग तू बोलला का नाहीस?"

इक्बालनं भाजलेला हात दुसऱ्या हातानं चोळला. "काय बोलनार? बोललो असतो तर खटका वर करायला लागला असता. लूम चालू झाले असते, आनि मग..." त्यानं ती पेटी वायरमनकडून हातात घेतली. "मना तवा हातात कायतरी पायजे होता, ताई. तो धागा होता. बस." मग हळूच म्हणाला, "काशाला सांगू नकोस. त्याला वाटतो, लाईट गेली आनि अल्लानं, देवानं, ज्यानं कुनी असेल त्यानं, त्याचा आवाज सगळ्यांना आयकवला. तसाच राहू दे."

मी हो म्हटलं. पण माझ्या पोटात कधी काही राहिलंय का? संध्याकाळी मी तडक काशाच्या घरी गेले. तो पोरीला मांडीवर घेऊन भरवत होता. मी सगळं सांगून टाकलं, कुणी सांगितलं ते नाव तेवढं गिळलं. चाचांना चार शब्द बोलून घेतले. मेलेल्या माणसाला बोलू नये, पण बोलले.

काशानं घास पुढं केला तो तसाच धरून ठेवला. "मना ठाव हाय, ताय."

"काय ठाऊक आहे?"

"लाईट गेली न्हवती. टेबलावरचा पंखा फिरत होता ना. त्याचा मीटर वेगळा. फौजदारसाहेब उकडतंय उकडतंय बोलत होते, आनि पंख्यानं त्यांचे केस उडत होते." तो जरासा हसला. "तो जुना पंखा टक टक वाजायचा, तुला आयकू आला न्हाय?"

मला आलं होतं. मला ते घड्याळ वाटलं होतं. त्या कारखान्यात कधी घड्याळ नव्हतंच.

"अरे मग सगळ्यांनाच दिसलं असेल!"

"असंल."

"आणि चाचांनी तुझ्या कानात काय सांगितलं होतं?"

"बोलले, परत सांग. आनि मोठ्यानं सांग."

मी कपाळाला हात लावून बसले. म्हणजे अख्खी कमिटी चालू पंख्यासमोर बसून लाईट गेल्याचं सोंग करत होती, आणि त्या सोंगात माझा भाऊ वाचला. हे चाचांनी सगळं आधी ठरवलं होतं, की त्या क्षणी हात आपसूक मागं गेला? विचारणार कुणाला? वर भेटले आणि विचारलं, तरी कानात बोळे घालतील.

"मग तू तरी का उठला नाहीस?" मी काशाला विचारलं. "तुला तर माहीत होतं, ही फसवणूक आहे."

"उठलो असतो, तर इक्बालला पन उठायला लागला असता," तो म्हणाला. घास पोरीच्या तोंडात गेला. मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली आणि तो पुढं वाकून, कुणी ऐकू नये अशा बेतानं, हळू आवाजात म्हणाला, "ताय, इक्बालला यातला काय बोलू नको हां. त्याला अजून वाटतो, लाईट गेली होती."